तोटा विकत घेताना

एप्रिल 2015 मध्ये स्नॅपडीलनं फ्रीचार्ज ही कंपनी विकत घेतली, तेव्हा छापून आलेली किंमत होती सुमारे 40 कोटी डॉलर. त्या वेळच्या दरानं अडीच हजार कोटी रुपये. सव्वादोन वर्षांनी, 27 जुलै 2017 रोजी, ॲक्सिस बँकेनं तीच फ्रीचार्ज घेत असल्याचं जाहीर केलं. या वेळची किंमत 385 कोटी रुपये. कंपनी दोन्ही वेळा तोट्यातच होती. मधल्या काळात तिचे नोंदणीकृत ग्राहक कमी झाले नव्हते, उलट वाढून पाच कोटींच्या वर गेले होते. तरीही किंमत एक षष्ठांशाच्याही खाली आली.

हे उदाहरण मी माझ्याकडे नव्यानं कामाला लागणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला देते. मी चार्टर्ड अकाउंटंट आहे. एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घ्यायला निघाली की घेणाऱ्याच्या वतीनं विकणाऱ्याचे हिशेब, करार, देणी तपासायची असतात. त्याला ड्यू डिलिजन्स म्हणतात आणि माझी बहुतेक कारकीर्द त्यातच गेली आहे. सुरुवातीला कारखाने असत: चाकणचे, अंबडचे, तारापूरचे. तिथं जमीन होती, मशीन होती, नफा होता. नफ्याला कितीनं गुणायचं यावर घासाघीस व्हायची आणि व्यवहार ठरायचा. गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींमध्ये निम्म्याहून अधिक कंपन्या अशा असतात, की ज्यांनी एकाही वर्षी नफा पाहिलेला नाही. जमीन नाही, इमारत भाड्याची, मशीन म्हणजे लॅपटॉप. व्हेंचर फंडांनी घातलेला पैसा दर महिन्याला जळतो आहे. अशा कंपनीला कुणी शेकडो कोटी का द्यावेत, हा प्रश्न माझे वडीलही मला विचारत असत. प्रश्न अगदी रास्त आहे आणि तो फक्त धंदेवाल्यांपुरता राहिलेला नाही. डिसेंबर 2024 मध्ये झोमॅटो सेन्सेक्समध्ये आली. तुमची सेन्सेक्सच्या इंडेक्स फंडात एसआयपी असेल, तर झोमॅटोनं तोट्यात असताना विकत घेतलेल्या ब्लिंकिटचा बारीकसा तुकडा तुमच्याही मालकीचा आहे.

सगळ्यात आधी त्या मोठ्या आकड्याबद्दल बोलायला हवं, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. ‘अमुक स्टार्टअपचं मूल्य 800 कोटी’ अशी बातमी येते, तेव्हा कुणी 800 कोटी दिलेले नसतात. एखाद्या फंडानं 160 कोटी घातले आणि त्याबदल्यात वीस टक्के हिस्सा घेतला. वीस टक्क्यांना 160, तर शंभर टक्क्यांना 800, असा तो त्रैराशिकाचा आकडा. पण फंडानं घेतलेले शेअर आणि फाउंडरकडचे शेअर एकाच प्रकारचे नसतात. आपल्याकडे हे फंड बहुधा सीसीपीएस घेतात, म्हणजे सक्तीनं रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर. त्यांच्यासोबतच्या करारात हक्कांची यादी असते. कंपनी विकली गेली तर आमचा पैसा आधी, पुढचा राउंड कमी भावानं झाला तर आमचा हिस्सा वाढवून द्यायचा, आमच्या संमतीशिवाय विक्री नाही. या हक्कांसकट मिळालेल्या एका शेअरची किंमत हक्क नसलेल्या शेअरला लावून ते 800 कोटी निघालेले असतात. म्हणून घेणाऱ्याच्या पहिल्या बैठकीत मी तो आकडा बाजूला ठेवायला सांगते. विकणाऱ्याला मात्र तो बाजूला ठेवता येत नाही. त्याच्या डोक्यात तोच भाव बसलेला असतो, त्याच्या फंडाच्या पुस्तकातही तोच लिहिलेला असतो. कितीतरी चांगले व्यवहार केवळ या एका आकड्यापायी मोडलेले मी पाहिले आहेत.

मग पाहायचं काय? तोटा किती, हे नफातोटा पत्रकात दिसतंच. मला हवं असतं ते पत्रकात नसतं: हा तोटा नेमका कुठं होतो आणि धंदा दुप्पट झाला तर तो दुप्पट होईल की आटेल.

एका कंपनीचं उदाहरण सांगते. नाव सांगणार नाही आणि आकडे ओळखू येऊ नयेत म्हणून बदलले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी नातं तसंच ठेवलं आहे. ही मंडळी पुण्यात घरोघरचे कपडे नेऊन, धुऊन, इस्त्री करून परत पोचवत. ॲप सुरेख होतं, मुलं मेहनती होती. त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये एका ऑर्डरचा हिशेब असा होता: जीएसटी सोडून बिल 425 रुपये. धुलाई-इस्त्री 150, गाडीची फेरी 45, पिशवी-टॅग 12, पेमेंट गेटवे 8. एकूण खर्च 215. दर ऑर्डरला 210 रुपये सुटतात. एक नवा ग्राहक मिळवायला जाहिरातीचा खर्च 900 रुपये. म्हणजे पाचव्या ऑर्डरला ग्राहक वसूल आणि पुढं फायदाच फायदा.

अशा वेळी आम्ही प्रेझेंटेशन मिटवतो आणि ऑर्डरची मूळ यादी मागतो. एक महिना निवडायचा, त्यातली प्रत्येक ऑर्डर बँकेत आलेल्या पैशाशी जुळवायची. त्या यादीत दिसलं, की ग्राहक सरासरी 425 देतच नव्हता. कूपन वापरून तो 350 देत होता. उरलेले 75 ‘मार्केटिंग’ या खात्यात टाकले होते. गाडीची फेरी एकच धरली होती, कपडे आणण्याची. परत पोचवायला जी मुलं होती ती महिन्याच्या पगारावर, म्हणून त्यांचा खर्च ‘पगार’ या खात्यात, मुख्य कार्यालयाच्या लोकांबरोबर. तोही ऑर्डरवर वाटला तर आणखी 45. डाग राहिला, बटण तुटलं, साडी बदलली गेली, अशा तक्रारींची भरपाई आणि पुन्हा धुलाई धरून दर ऑर्डरमागे 20. तक्रारी ऐकणारं कॉल सेंटर, 25. सगळं मांडल्यावर 350 मधून 305 गेले, राहिले 45. आता 900 रुपयांचा ग्राहक वसूल व्हायला पाच नाही, वीस ऑर्डरी लागणार. आणि त्यांचा सरासरी ग्राहक वर्षाला सहा ऑर्डरी देत होता.

यात फसवणूक नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. त्या मुलांनी कुठलाही खर्च लपवला नव्हता, रुपयान् रुपया पुस्तकात होता. फक्त जो खर्च प्रत्येक ऑर्डरबरोबर वाढतो तो त्यांनी अशा खात्यांत ठेवला होता, की जी खाती वाचणाऱ्याला स्थिर वाटतात. फंडासमोर उभं राहण्याची सवय लागली की माणूस हिशेब असाच मांडायला शिकतो. माझं काम तो दुसऱ्या रीतीनं मांडणं.

याच यादीतून आम्ही दुसरा तक्ता करतो. जानेवारीत पहिल्यांदा आलेले हजार ग्राहक घ्यायचे. त्यांतले फेब्रुवारीत किती आले, मार्चमध्ये किती, डिसेंबरात किती. मग फेब्रुवारीचे हजार, मार्चचे हजार, असं खाली उतरत जायचं. धंद्यात या गटाला कोहोर्ट म्हणतात. एकूण ग्राहकसंख्येचा चढता आलेख जाहिरातीवर पैसा ओतूनही काढता येतो, हा तक्ता तसा काढता येत नाही. त्यातही कूपन न वापरता किती जण परत आले, तो स्तंभ माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा. पूर्ण पैसे मोजून परत आलेला ग्राहक हाच कंपनीनं खरोखर कमावलेला ग्राहक.

आता फ्रीचार्जकडे परत जाऊ. मुंबईत 2010 मध्ये कुणाल शाह आणि संदीप टंडन यांनी ती सुरू केली. कल्पना साधी आणि हुशार होती: मोबाइलचं जेवढ्याचं रिचार्ज कराल तेवढ्याच किमतीची कूपनं घ्या. तरुण मुलं तुटून पडली. पुढं वॉलेट आलं, कॅशबॅक आलं. स्नॅपडीलनं ती घेतली तेव्हा हिशेब असा होता, की रिचार्ज करायला येणारी ही कोट्यवधी मुलं आपल्या दुकानातून खरेदीही करतील. ऑनलाइन दुकानांत पैसा वाहत होता, सॉफ्टबँकेसारखे गुंतवणूकदार स्नॅपडीलच्या पाठीशी होते, आणि पेटीएमशी टक्कर द्यायची तर आपलं स्वतःचं वॉलेट हवं असं सगळ्यांनाच वाटत होतं.

दोन वर्षांत पायाखालची जमीन सरकली. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आलं, त्या वर्षीच्या 30 डिसेंबरला भीम ॲप आलं. पैसे एका खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात जायला लागले, मधल्या वॉलेटमध्ये भरून ठेवायची गरजच कमी झाली. रिचार्जवर मिळणारं कमिशन पातळ आणि ग्राहक धरून ठेवायला कॅशबॅक जाड. दुसरीकडे स्नॅपडील स्वतःच अडचणीत होती. फ्लिपकार्टमध्ये विलीन होण्याची तिची बोलणी चालली होती, ती 31 जुलै 2017 रोजी मोडली. म्हणजे फ्रीचार्जच्या विक्रीनंतर अवघ्या चार दिवसांनी. हाताशी रोकड असणं त्या आठवड्यात स्नॅपडीलसाठी किती मोलाचं होतं, याची कल्पना यावरून करता येईल.

पण मला त्या व्यवहारात जास्त रस आहे तो ॲक्सिसच्या बाजूनं. बँकेनं अडीच हजार कोटींच्या आठवणीवर भाव ठरवला नाही. 385 कोटींना पाच कोटी ग्राहकांनी भागलं तर माणशी पंच्याहत्तर रुपयांच्या आसपास पडतात. एक नवा ग्राहक शाखेत किंवा जाहिरातीनं आणायला बँकेला याहून कितीतरी जास्त खर्च येतो. पाच कोटींतले बरेच जण झोपलेले असणार, हे धरूनही. शिवाय स्नॅपडीलच्या दुकानाला रिचार्जवाल्या मुलांना फक्त वस्तू विकता येत होत्या, तर बँकेला त्यांना बचत खातं, क्रेडिट कार्ड, कर्ज, विमा, सगळंच देता येतं. तयार तंत्रज्ञान आणि ते चालवणारी माणसंही त्यात आली. कंपनी तीच, तोटाही तसाच, पण घेणाऱ्याच्या हातात तिचं काय होऊ शकतं हे बदललं आणि भाव त्यावर बसला.

पुण्याच्या त्या धुलाईवाल्यांचंही असंच झालं. त्यांना घ्यायला निघालेला माझा अशील हॉटेलं आणि इस्पितळांच्या चादरी धुणारा होता. त्याचा प्लांट दिवसा गच्च आणि रात्री रिकामा. रात्रपाळीत घरचे कपडे घेतले तर धुलाईचा खर्च 150 वरून 95 वर येत होता. त्याच्या गाड्या त्याच भागांतून फिरत होत्याच, म्हणून दोन फेऱ्यांचे 90 चे 50 झाले. दर ऑर्डरला सुटणारे 45 रुपये त्याच्याकडे 140 झाले असते आणि वीसच्या जागी सातव्या ऑर्डरला ग्राहक वसूल झाला असता. वर्षाला सहा ऑर्डरींचा ग्राहक त्याला चालणार होता, स्वतंत्र कंपनीला तो कधीच चालला नसता. व्यवहार झाला. भाव अर्थातच शेवटच्या राउंडच्या बराच खाली होता.

ब्लिंकिटची गोष्ट या दोन्हींपेक्षा मोठी आहे आणि सुदैवानं तिचे आकडे झोमॅटोच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रांत उघड आहेत. अलबिंदर धिंडसा आणि सौरभ कुमार यांनी 2013 मध्ये ग्रोफर्स काढली. 2021 च्या अखेरीस तिनं नाव बदलून ब्लिंकिट केलं आणि दहा मिनिटांत किराणा पोचवायच्या मागं लागली. झोमॅटोनं आधी तिच्यात छोटा हिस्सा घेतला होता. मार्च 2022 मध्ये तिला 15 कोटी डॉलरपर्यंत कर्ज द्यायचं ठरवलं आणि 24 जूनला संपूर्ण कंपनी 4,447 कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय जाहीर केला. ब्लिंकिटचा महिन्याचा तोटा त्या वर्षीच्या जानेवारीत 204 कोटी होता, तो वर्षाच्या मध्यापर्यंत 93 कोटींच्या आसपास आणलेला होता. तरी वर्षाचे हजार कोटी होतातच. बाजारानं झोमॅटोला झोडपून काढलं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, आधीच्या गुंतवणूकदारांवरची विक्रीबंदीही उठल्यामुळे, 76 रुपयांना आयपीओ आलेला शेअर 41 च्या आसपास गेला.

हा व्यवहार रोखीचा नव्हता. झोमॅटोनं स्वतःचे सुमारे 62.85 कोटी शेअर, 70.76 रुपये भाव धरून, ब्लिंकिटच्या भागधारकांना दिले. वाचकांनी इथं थोडं थांबावं, कारण ‘इतक्या कोटींना घेतली’ या बातमीत हा फरक हरवतो. शेअरची संख्या ठरलेली, भाव मात्र रोज हलणारा. 41 रुपयांना तेच पुडकं 2,600 कोटींपेक्षाही कमी भरत होतं. 2024 च्या डिसेंबरात शेअर अडीचशेच्या वर होता, तेव्हा त्याच पुडक्याचे पंधरा हजार कोटींहून जास्त झाले असते. शेअर घेऊन कंपनी विकणारा खऱ्या अर्थानं विकून मोकळा होत नाही, तो घेणाऱ्याच्या कंपनीत गुंतवणूक करत असतो. म्हणून अशा व्यवहारात विकणाऱ्यानंही घेणाऱ्याचे हिशेब तितक्याच बारकाईनं तपासायला हवेत. बहुतेक फाउंडर ते करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

झोमॅटोनं तोट्यात काय पाहिलं असेल? घरोघर पोचवणाऱ्या माणसांचं जाळं तिच्याकडे होतं, रोज ॲप उघडणारा शहरी ग्राहक होता, आणि आयपीओचा पैसा धरून दहा हजार कोटींहून अधिक रोकड होती. शिवाय डार्क स्टोअरच्या धंद्याचं गणित ठरावीक आहे. गल्लीतल्या त्या छोट्या गोदामाचं भाडं, वीज आणि आतल्या मुलांचे पगार दिवसाला तीनशे ऑर्डरी आल्या काय आणि पंधराशे आल्या काय, फारसे बदलत नाहीत. म्हणून नवं गोदाम तोट्यात जन्मतं आणि ऑर्डरी वाढल्या की सावरतं. पहिल्या दिवसापासून नफा मागणाऱ्यानं या धंद्यात पडू नये. 2022 मध्ये ब्लिंकिटची सरासरी ऑर्डर पाचशे रुपयांच्या थोडी वर होती, 2024 च्या पहिल्या तिमाहीत ती 617 रुपयांवर गेली. पोचवायला जाणारा माणूस तोच, पिशवी थोडी जड. मार्च 2024 मध्ये ब्लिंकिटनं कंपनीच्या स्वतःच्या मोजमापानुसार, म्हणजे व्याज, कर, घसारा वगैरे धरण्याआधी, पहिल्यांदा तोटा भरून काढला. लगेच पुढच्या वर्षभरात गोदामं 526 वरून 1,301 वर नेली आणि मार्च 2025 च्या तिमाहीत पुन्हा 178 कोटींचा तोटा दाखवला. हा दुसरा तोटा पाहून घाबरणारे बरेच भेटले. मी त्यांना एकच विचारते, जुन्या गोदामांचं काय चाललं आहे? जुनी कमावत असतील आणि नवी जेवत असतील, तर तो विस्ताराचा तोटा. जुनीही जेवत असतील, तर काळजी करा.

वेळेचं गणित चुकलं की मात्र चांगला खरेदीदारही कचाट्यात सापडतो. मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनियरचं उदाहरण सगळ्यांच्या स्मरणात आहे. मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी ही कंपनी 2020 च्या ऑगस्टमध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, बायजूनं 30 कोटी डॉलरना घेतली. 2020-21 या वर्षी तिचं उत्पन्न 484 कोटी आणि तोटा जवळजवळ 1,690 कोटी. शाळा उघडल्या, मुलं मैदानावर परतली. सगळी मुलं घरात कोंडलेली असण्याच्या काळातली मागणी ही कायमची मागणी आहे असं धरून दिलेला तो भाव होता. असा काळ असला की मी अशिलाला सांगते, कोहोर्टच्या तक्त्यात लॉकडाउनचे महिने वेगळ्या रंगात रंगवा.

कागदपत्रांच्या तपासणीबद्दल थोडक्यात सांगते, कारण हे काम कंटाळवाणं असलं तरी व्यवहार तिथंच अडकतात. ट्रेडमार्क कंपनीच्या नावावर आहे की फाउंडरच्या स्वतःच्या? ॲपचा कोड लिहिणाऱ्या बाहेरच्या मुलांनी त्याचे हक्क लिहून दिले आहेत का? परदेशी फंडाला शेअर दिल्यावर तीस दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर फॉर्म गेला होता का? ब्रँड एका नावाचा आणि करार करणारी कंपनी दुसऱ्याच नावाची असते, हेही नेहमीचंच. ॲक्सिसनं कागदावर जी घेतली ती ॲक्सिलिस्ट सोल्युशन्स आणि तिच्या जोडीला फ्रीचार्ज पेमेंट टेक्नॉलॉजीज. एक गैरसमज मला वारंवार खोडावा लागतो. साठलेला तोटा आपल्या नफ्यातून वजा करून कर वाचेल, अशी घेणाऱ्याची आशा असते. 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 79 नेमकं यासाठीच होतं: शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीची निम्म्याहून अधिक मालकी बदलली, तर तिचा मागचा धंद्यातला तोटा सहसा पुढं ओढता येत नाही. स्टार्टअपना सवलत होती, पण तीही जुने भागधारक टिकून राहिले तरच. सगळी कंपनी विकली की ती सवलतही गेली. तेव्हा भाव लावताना तो तोटा शून्य किमतीचा धरावा.

आणि रनवे, म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल ते. बँकेत नऊ कोटी आणि महिन्याला दीड कोटी जळतात, म्हणजे सहा महिने. तपासणी, करार, मंजुऱ्या यांत चार-पाच महिने सहज जातात. काही खरेदीदार हे ओळखून मुद्दाम रेंगाळतात, पैसा संपत आला की भाव पाडतात. हे मला पटत नाही आणि अशिलाला मी तसं तोंडावर सांगते. अन्याय आहेच, शिवाय त्या चार महिन्यांत चांगली माणसं दुसरीकडे नोकऱ्या शोधतात. तुम्ही जे विकत घ्यायला आला होतात तेच दारातून बाहेर पडत असतं. झोमॅटोनं ब्लिंकिटला आधी कर्ज दिलं ते मला म्हणूनच शहाणपणाचं वाटतं.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो ईसॉपच्या तक्त्यापाशी. चांगल्या पगाराची नोकरी सोडून कमी पगारावर आलेल्या मुलांना कंपनीनं शेअर घेण्याचा हक्क दिलेला असतो. मघाचीच 800 कोटींची कंपनी घ्या. पहिल्या फंडानं 40 कोटी, दुसऱ्यानं 160 कोटी घातले आहेत, दोघांकडे वीस-वीस टक्के. एका इंजिनिअरला 0.1 टक्का मिळालेला. पेपरातलं मूल्य पाहून त्यानं हिशेब केला, माझे 80 लाख. त्यावर घराचा विचार सुरू झाला, आईवडिलांना सांगून झालं. आता कंपनी 230 कोटींना विकली गेली. करारानुसार फंडांचे 200 कोटी आधी बाहेर. उरलेले 30 कोटी फाउंडर आणि कर्मचारी या साठ टक्क्यांत वाटायचे. त्या मुलाच्या वाट्याला पाच लाख, त्यातून शेअर घेण्याची किंमत आणि कर जायचा. फंडांनी ‘आधी आमचे परत, शिवाय उरलेल्यातही हिस्सा’ असं कलम घालून घेतलं असेल, तर पाचाचे तीन लाख. आणि विक्री 190 कोटींना झाली तर काहीच नाही. कंपनी 190 कोटींना विकली गेल्याची बातमी मात्र पेढे वाटण्यासारखी छापून येते.

फंडांचा हक्क बेकायदा नाही. त्यांनी जोखीम घेतली, करार केला. पण मुलाला नोकरीचं पत्र देताना हा करार कुणी समजावून सांगितला नव्हता, आणि हे मला गंभीर वाटतं. तुमच्या घरात कुणी स्टार्टअपमध्ये लागत असेल तर त्यांना विचारायला सांगा: आमच्या आधी किती कोटी बाहेर जाणार? फंडांना परतीनंतर उरलेल्यातही हिस्सा आहे का? कंपनी विकली गेली तर मुदत न भरल्यामुळे अजून हातात न आलेल्या शेअरचं काय होणार, ते लगेच मिळणार की रद्द होणार? नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात? एचआरला उत्तर माहीत नसेल तर ते फाउंडरला माहीत असतं.

घेणाऱ्याच्या हातातही इथं बरंच असतं. किंमत ठरल्यावर तिचे तुकडे पडतात: काही रक्कम लगेच, काही एस्क्रोमध्ये दीड-दोन वर्षं, जुनी देणी निघाली तर भरायला, काही फाउंडर राहिले आणि उद्दिष्ट गाठलं तरच. याच वाटाघाटीत कर्मचाऱ्यांसाठी वेगळी रक्कम काढून ठेवता येते, फंडांच्या हक्काच्या आधी. त्याला कार्व्ह-आउट म्हणतात. फंड कुरकुरतात, पण माणसं गेली तर घेणारा मागं फिरेल हे त्यांनाही कळतं. धुलाईवाल्यांच्या व्यवहारात आम्ही किमतीच्या सहा टक्के असे बाजूला काढायला लावले. त्यात ॲप लिहिणारे होते आणि कॉल सेंटरच्या मुलीही होत्या, ज्यांच्याकडे कागदावर एकही शेअर नव्हता. निम्मी रक्कम सही झाल्यावर मिळणार होती, निम्मी वर्षभरानं. पहिला हप्ता टीडीएस कापून पुढच्या पगाराबरोबर जमा झाला.